लिफ्टवाल्याची बहीण

एकतीस वर्षं मी वॉर्डात काढली, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. दुखत नसताना कण्हणारे आणि दुखत असताना हसणारे, दोन्ही प्रकार मला दारातूनच ओळखता येतात असा माझा समज होता. समज होता म्हणते, कारण आता जे सांगणार आहे त्यात तोंडघशी मीही पडले आहे. लोक मला अजून मेट्रनच म्हणतात. नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि त्याची मला सवय झाली आहे असं मी सगळ्यांना सांगते.

दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही चौघं मास्तरांकडे बायबल वाचायला बसायचो. मास्तर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर एक जुना नकाशा आणि सहा खुर्च्या. दुसऱ्या लोकरआजी. वय ब्याऐंशी, हातात सदा सुया. प्रार्थनेला डोळे मिटले तरी सुया थांबायच्या नाहीत. तिसरा बेकरीवाला. पहाटे भट्टी लावणारा माणूस, त्यामुळे दुसरं वचन वाचून होईपर्यंत त्याची मान खाली यायची ती ‘आमेन’ला बरोबर वर. आणि चौथी मी.

आमची पद्धत साधी. शुभवर्तमानातला एक भाग आळीपाळीने वाचायचा, ज्याला जे सुचेल ते बोलायचं, वाद घालायचा, आणि उठण्याआधी प्रत्येकाने एक प्रार्थनेचा विषय द्यायचा. मास्तर तो एका लांबट वहीत लिहून घ्यायचे. विषय नाही असं म्हणायची सोय नव्हती. "एक तरी द्या," मास्तर पेन्सिल उचलून म्हणायचे, "देवाला वेळ आहे आणि वहीला पानं आहेत." प्रार्थना ऐकली गेली की त्या ओळीपुढे लाल खूण व्हायची. आजींचा विषय दूरदेशी गेलेला मुलगा, बेकरीवाल्याचा विषय कंबर, माझा विषय गुडघे. माझ्या गुडघ्यांपुढे आजवर लाल खूण झालेली नाही.

एका बुधवारी लोकरआजी लिफ्टमध्ये अडकल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. मास्तरांची पाचावर धारण बसली. फोन केल्यावर वीस मिनिटांनी एक उंच, वाकलेला माणूस हातात अवजारांची पिशवी घेऊन आला. वय साठीच्या अलीकडे, निळा शर्ट, बाहीवर ग्रीसचे डाग. तो सरळ गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला, आणि दोर जिथून खाली येतात त्या भोकाला तोंड लावून आजींशी बोलू लागला. आम्ही जिन्यात उभे राहून ऐकत होतो.

"आजी, आता मी ब्रेक सोडणार. धप्पकन आवाज येईल. घाबरायचं नाही."

"मी कशाला घाबरू? माझा लोकरीचा गुंडा खाली पडलाय, तो तेवढा दिसत नाहीये!"

"तो मिळेल. आता मी हाताने चाक फिरवतो. हळू येईल. तुम्ही काय विणताय?"

असं करत करत त्याने हाताने चाक फिरवून त्यांना तिसऱ्या मजल्याला लावलं. प्रत्येक आवाज होण्याआधी तो सांगत होता की आता असा आवाज येईल. मी इतके डॉक्टर पाहिले, सुई टोचण्याआधी एवढं सांगणारा एखादाच. आजी बाहेर आल्या त्या त्याची बाही धरूनच वर आल्या, आणि म्हणाल्या, याला चहा दिल्याशिवाय मी वाचायला बसणार नाही.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. कुठेच टेकायचं नाही अशी त्याच्या हातांना सवय होती, कारण ते नेहमी तेलकट. त्याने चहा घेतला, आम्ही वाचत होतो ते ऐकलं आणि जाताना विचारलं, "लहानपणी आई न्यायची आम्हाला उपासनेला. पुढच्या बुधवारी लिफ्ट बघायला येऊ का?"

तो आला. त्याच्या पुढच्या बुधवारीही लिफ्ट बघायलाच आला. सात आठवडे तो लिफ्ट बघायला येत होता. एवढी तपासलेली लिफ्ट गावात दुसरी नसेल. आठव्या आठवड्याला मी म्हटलं, "अहो लिफ्टवाले, लिफ्ट आता तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. बायबलसाठी आलात म्हणायला लाज कसली?" तो कानापर्यंत लाल झाला. पण त्या दिवसापासून पिशवी घरी ठेवून येऊ लागला.

तो कसा राहतो हे मला फार पुढे कळलं, पण इथे सांगितलेलं बरं. बेकरीच्या समोर एक नऊ मजली इमारत आहे. लिफ्ट नवव्या मजल्यापर्यंत जाते, पण तिथे घर एकही नाही. गच्चीचं दार, मशीनरूम आणि मशीनरूमला चिकटून एक खोली. त्या इमारतीची लिफ्ट सांभाळायची आणि त्या खोलीत राहायचं, असं चोवीस वर्षांपूर्वी ठरलेलं. भिंतीपलीकडे मोटर. कोण कितव्या मजल्याला गेलं हे त्याला आवाजावरून कळायचं. पाचव्या मजल्यावरची मुलगी परीक्षेला कधी गेली, तिसऱ्यावरचे काका दवाखान्यातून कधी परत आले, सगळं त्याला माहीत. त्याच्याबद्दल मात्र इमारतीत कोणाला काही माहीत नव्हतं. त्याला हाक मारायची वेळ लिफ्ट बंद पडल्यावरच यायची. नवव्या मजल्याला थांबणारी लिफ्ट म्हणजे तो स्वतः घरी आला. दुसरं कोणी त्या मजल्याचं बटण दाबत नसे.

तर नवव्या बुधवारी मास्तरांनी वही उघडली आणि म्हणाले, "आता तुम्ही आमच्यातले झालात. विषय द्या."

मास्तरांची पेन्सिल वर. बेकरीवालासुद्धा जागा झाला.

"माझं तसं काही नाही," तो म्हणाला.

"एक तरी द्या."

त्याने मास्तरांच्या नकाशाकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला एक बहीण आहे. ताई. आजारी असते ती."

आमच्या खुर्च्या पुढे सरकल्या. आजींच्या सुया थांबल्या, जे प्रार्थनेलाही होत नसे. काय होतं, कुठे असते, कोण बघतं? पाच तासांच्या प्रवासावर असते, म्हणाला. धाप लागते. पायावर सूज येते. आता हे माझं क्षेत्र. मी विचारलं, "रात्री धाप लागू नये म्हणून डोक्याखाली किती उशा लागतात?" तो गोंधळला. "तीन," म्हणाला. मी सांगितलं, मीठ कमी, पाणी मोजून, सकाळी उठल्यावर रोज वजन, आणि अंगातलं पाणी काढणारी गोळी सकाळीच घ्यायची, संध्याकाळी नाही. त्याने खिशातून एक चिमुकलं पॅड काढलं आणि कानावरची पेन्सिल घेऊन माझा शब्द न् शब्द लिहून घेतला. मास्तरांनी वहीत लिहिलं: लिफ्टवाल्याची बहीण, हृदयविकार.

त्या दिवसापासून तो खऱ्या अर्थाने आमच्यातला झाला. दर बुधवारी आल्याबरोबर पहिला प्रश्न, "ताई कशा आहेत?" दर बुधवारी उत्तर, थोडं बरं, थोडं कमी. "रविवारी जाऊन येतो मी," त्याने सांगून टाकलं होतं, म्हणून सोमवारपासूनच आम्ही बुधवारची वाट बघायचो. आजींनी जांभळी लोकर आणली आणि ताईंसाठी शाल विणायला घेतली. मास्तर तर वर्गात हजेरी घ्यावी तसे प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचे.

आणि तो वाचू लागला. मी याआधी पुष्कळ माणसं बायबल वाचताना पाहिली आहेत; बहुतेक जण आपल्याला काय वाटायला हवं ते आधी ठरवून वाचतात. हा एखादं यंत्र उघडून बघावं तसा वाचायचा. एकदा त्या पक्षघाती माणसाची गोष्ट आली. घरात गर्दी, आत शिरायला वाट नाही, म्हणून चार मित्र त्याला छपरावर नेतात, छप्पर उकलतात आणि बाजेसकट येशूपुढे खाली सोडतात.

"दोर किती होते?" लिफ्टवाल्याने विचारलं.

मास्तर चष्मा वर करून म्हणाले, "तसं काही लिहिलेलं नाही."

"चार असणार. चार कोपऱ्यांना चार. आणि चौघांनी एकाच वेगाने सोडायला हवेत. एकाने घाई केली, तर बाज तिरकी होऊन माणूस डोक्यावर आपटेल. मी हे काम केलंय, म्हणून सांगतो. ज्याला खाली सोडतात ना, त्याला सगळ्यात जास्त भीती वाटते. तो चौघांचे हात बघत असतो." मग तो म्हणाला, "आणि बघितलंत का, त्याने स्वतः काही मागितलंच नाही. तोंडातून एक शब्द नाही त्याच्या. काय हवंय ते दुसऱ्यांनीच ओळखलं."

मास्तर म्हणाले की चाळीस वर्षांत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. बेकरीवाला त्या दिवशी शेवटपर्यंत जागा होता. घरी जाताना मला वाटलं, माझा विश्वास इतकी वर्षं कपाटातल्या चांगल्या भांड्यांसारखा आहे. घासून पुसून ठेवलेला, पण रोजच्या वापरात नसलेला. ते ज्याने मला दाखवलं तो माणूस दर आठवड्याला आमच्याशी खोटं बोलत होता.

हो, खोटं. ताई होती, पण आजाराचं काही खरं नव्हतं. ताई कशी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. बावीस वर्षं त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आई शेवटच्या घटका मोजत असताना ताईचा फोन आला, तेव्हा हा एका दुकानाच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या सहा माणसांना बाहेर काढत होता. ती माणसं सुटेपर्यंत चार तास गेले, आणि हा पोहोचला तेव्हा आई गेली होती. ताई दारात उभी राहून म्हणाली, "तुला अडकलेली सगळी माणसं दिसतात. आई तेवढी दिसली नाही." तो उंबऱ्यावरून परत फिरला. ती बोलावेल म्हणून तो थांबला, तो येईल म्हणून ती थांबली असेल. मग याचा फोनचा नंबर बदलला, आणि मग नुसती वर्षं जात राहिली.

मग त्या दिवशी आजारपण का सांगितलं? पुढे मी त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "जे सांगायचं होतं ते आजारात बसत नव्हतं. तुम्ही सगळे आजार देत होता. कंबर, गुडघे. मग मलाही एक आजार द्यावासा वाटला."

आणि एकदा बोलून गेल्यावर त्यातून सुटका नव्हती. सगळ्यात मोठी गंमत रविवारची. आम्ही त्याला रविवारच्या उपासनेला बोलावत होतो आणि त्याला यायचं होतं. बावीस वर्षांनी पहिल्यांदा त्याला चर्चच्या बाकावर बसावंसं वाटत होतं. पण रविवारी तो ताईकडे गेलेला असायचा! समोर बेकरी, तिथून कोणाच्या नजरेस पडला तर पंचाईत. म्हणून सात महिने हा माणूस दर रविवारी खिडकी लावून खोलीत बसून राहिला. लिफ्टही वापरायचा नाही. खालून घंटेचा आवाज यायचा. मग तो आम्ही बुधवारी वाचलेला भाग उघडून एकटाच मोठ्याने वाचायचा, आळीपाळीने, म्हणजे एक वचन वाचून थोडं थांबायचा आणि मग पुढचं. हे त्याने सांगितलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग हसवेना.

आता माझी गोष्ट. मला कळलं होतं. ताईंचा विषय निघाल्यापासून चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, सूज उजव्या पायाला आहे. सहाव्या आठवड्यात म्हणाला, डाव्या पायाला. त्या आजारात सूज अशी चपला बदलल्यासारखी पाय बदलत नाही. एखादी शिकाऊ नर्स असं बोलली असती तर मी तिला पुन्हा वॉर्डात पाठवलं असतं. पण मी तोंडात मूग गिळून बसले. उलट आणखी सल्ले दिले. पॅड बाहेर निघायचं, पेन्सिल चालायची, आणि आठवड्यातून एकदा माझं कोणीतरी लिहून घ्यायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. घरी मला कोणी वेळसुद्धा विचारत नव्हतं.

सातव्या महिन्यात शाल पुरी झाली. आजींनी ती कागदात गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवली. "रविवारी ताईच्या अंगावर घाल. आणि फोटो काढून आण. माझे डोळे आहेत तोवर बघू दे मला."

मी त्याच्याकडे पाहत होते. तो पांढरा पडला. मला वाटलं आता बोलेल. "आणतो," म्हणाला.

त्या रविवारी तो खरोखर गेला. पाच तासांचा प्रवास, मांडीवर शाल. त्याने नंतर सांगितलं की वाटेत तो घाबरलेला नव्हता. सात महिने आम्ही डोळे मिटायचो म्हणून त्यालाही मिटावे लागायचे, आणि डोळे मिटले की ताई दिसायची. आधी दारात उभी राहिलेली रागावलेली, मग हळूहळू लहानपणची, त्याच्या शर्टाची बटणं लावणारी. खोट्या आजारासाठी आम्ही प्रार्थना करत होतो, पण बहिणीसाठी तो करत होता ती खरी होती. पाया पडेन, ती काय बोलायचं ते बोलो, असं ठरवून तो गेला होता.

दार भाचीने उघडलं. शेवटची पाहिली तेव्हा ती सात वर्षांची होती. तिने ओळखलं नाही. याने नातं सांगितल्यावर ती म्हणाली, "अच्छा, मामा." मागे भिंतीवर ताईचा फोटो होता. तीन वर्षं झाली होती. दहा दिवसांचा ताप, आणि संपलं. "तुमच्या जुन्या नंबरवर फोन केला होता आम्ही, लागला नाही," भाची म्हणाली. ती कामाला निघायच्या घाईत होती. तिने पाणी दिलं, चहाचं विचारलं, आणि तो नुसताच बसून राहिला तेव्हा अवघडून म्हणाली, "मामा, काही काम होतं का?"

तो म्हणाला, "नाही. सहज आलो होतो." शाल पिशवीतून बाहेर निघालीच नाही.

बुधवारी तो सहाला पाच मिनिटं असताना आला. मास्तरांनी विचारलं, "ताई कशा आहेत?"

"गेली," तो म्हणाला.

आजी ओरडल्या. मास्तरांनी वही मिटली. बेकरीवाला उठून त्याच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला आणि त्याने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मास्तरांचा हात त्याच्या खांद्यावर, आजींचा डोक्यावर. आणि मी? मला माझीच लाज वाटली. मनात म्हटलं, मेट्रन, तू या माणसावर संशय घेतलास आणि त्याची बहीण खरंच गेली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली हाडं लागत होती.

त्याला आणखी काही बोलायची गरजच नव्हती. बहीण गेली हे खरं होतं. सात महिन्यांचं सगळं खोटं त्या एका खऱ्या शब्दाखाली कायमचं गाडलं गेलं असतं. आम्ही रडलो असतो, प्रार्थना केली असती, पुढच्या आठवड्यात त्याच्यासाठी जेवण घेऊन गेलो असतो. आणि खरं सांगितलं तर हे चौघांचे हात आणि बुधवारची ती खुर्ची, दोन्ही जाणार होती. दुसरं काहीच नव्हतं त्याच्याकडे. त्याने मला नंतर सांगितलं, "मी मनात म्हटलं, शंभर मोजेपर्यंत राहू दे. मग बोलतो. शंभर झाले, मग पुन्हा एकपासून मोजले."

मग तो म्हणाला, "थांबा. ती आता नाही गेली. तीन वर्षांपूर्वीच गेली."

त्याने सगळं सांगितलं. दुकानाची लिफ्ट, उंबरा, पॅड, नवव्या मजल्यावरची खोली, रविवार, भाची. सांगताना त्याने कोणाकडेही पाहिलं नाही. आणि एकेक हात निघाला. सगळ्यात आधी माझा. ते मला आठवतं, आणि मी ते इथे लिहिते आहे म्हणजे पुढे नाकारता येणार नाही.

"म्हणजे माझी शाल?" आजींनी विचारलं.

त्याने पिशवीतून ती काढून टेबलावर ठेवली. त्याच कागदात, तशीच.

तेव्हा मी बोलले. वॉर्डात ज्या आवाजाने मी माणसं रडवली त्या आवाजात बोलले. "मेलेल्या बाईला तुम्ही सात महिने आजारी ठेवलंत. आम्हाला वेड्यात काढलंत. देवापुढे!"

तो उठला. "हो," एवढंच म्हणाला. आणि तो लिफ्टवाला चार मजले जिन्याने उतरून गेला. आम्ही त्याची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली.

पुढच्या बुधवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पाचवी खुर्ची हलवायचं कोणी मनावर घेतलं नाही. वाचन व्हायचं, पण दोर किती होते असं विचारणारं कोणी नव्हतं. मास्तर वहीतल्या त्या ओळीवर पेन्सिल फिरवत बसायचे. लाल खूण करता येत नव्हती आणि ओळ खोडवतही नव्हती.

तिसऱ्या बुधवारी आजींनी सुया खाली ठेवल्या. "मेट्रन, एक विचारू? तुला खरंच कळलं नव्हतं?"

खाली लिफ्टचं दार लागलं. मी म्हणाले, "चौथ्या महिन्यात." मग म्हणाले, "नाही. महिन्यात नाही, आठवड्यात. सहाव्या आठवड्यापर्यंत पक्कं कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी काही रडणाऱ्यांपैकी नाही. मास्तर उठले, त्यांनी वही काखेत मारली आणि चप्पल घालायला लागले.

त्या पक्षघाती माणसाच्या गोष्टीत चौघं होते. त्याच्या इमारतीत आम्ही तिघंच गेलो, कारण बेकरीवाल्याच्या भट्टीचं काम निघालं होतं. ‘माझ्या वाटचं तुम्हीच बोला’ म्हणून त्याने एक पाव तेवढा दिला. त्या अडकण्यानंतर आजी मास्तरांच्या लिफ्टमध्येसुद्धा बसत नव्हत्या. चार मजले धापा टाकत चढायच्या. पण त्या दिवशी त्या सगळ्यात आधी आत शिरल्या, शाल छातीशी धरून. मी नऊचं बटण दाबलं. त्यावरचा आकडा अजून ठसठशीत होता, बाकीच्यांवरचे आकडे बोटांनी पुसलेले.

लिफ्ट नवव्या मजल्याला थांबली. दार उघडलं तर समोर लिफ्टवाला, हातात पाना घेऊन उभा. दाढी वाढलेली. आमच्याकडे पाहून त्याला काही कळेना.

"मला वाटलं बिघडली," तो म्हणाला. "मी इथे आत, आणि लिफ्ट नऊला येतेय. चोवीस वर्षांत असं झालं नाही. म्हटलं आपोआप वर येतेय."

आजींनी शाल उलगडली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. जांभळी, बायकी, कडेला झालर. तो तशीच पांघरून उभा राहिला, हातात पाना.

खोलीत एकच खुर्ची होती. तिच्यावर आजी बसल्या, मास्तर पलंगावर, मी दाराला टेकून. मी आधी बोलले, कारण नंतर बोलता आलं नसतं. "सूज अशी पाय बदलत नाही. मला सहाव्या आठवड्यातच कळलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही लिहून घेत होतात," मी म्हणाले.

भिंतीपलीकडे मोटर सुरू झाली आणि थांबली. "पाचवा मजला," तो सवयीने म्हणाला.

मास्तरांनी वही उघडली, नवं पान काढलं आणि पेन्सिल वर धरली. "बुधवार आहे. विषय द्या. एक तरी."

"तेव्हा जो द्यायचा होता तो देऊ?"

"द्या."

"मी एकटा आहे," लिफ्टवाला म्हणाला. "एवढंच लिहा. आजार नाही काही."

मास्तर लिहू लागले. त्यांचं अक्षर मोठं आणि सावकाश, फळ्यावर लिहिल्यासारखं. मी दारापासून पुढे आले आणि वहीत डोकावले.

"मास्तर," मी म्हणाले, "त्याच ओळीत माझंही लिहा."

मास्तर एका ओळीत दोन विषय कधी घेत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आजींकडे. आजी म्हणाल्या, "अरे, मग जागा सोडून लिही. मीही आहे."